पहाटेच्या पावलांना हक्काची वाट

मंगळवेढा म्हटले की दुष्काळात धान्याचे कोठार खुले करणाऱ्या दामाजीपंतांचे, चोखोबांचे आणि कान्होपात्रेचे स्मरण होते. येथून पंढरपूर अवघ्या पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. विठ्ठलाच्या दर्शनासाठी पायी जाण्याची परंपरा असलेल्या या मुलखाला चालण्याचे महत्त्व बाहेरून येऊन कोणी सांगावे, असे नाही. पालखी सोहळ्यातील रिंगणात साठी उलटलेले वारकरी ज्या उमेदीने धावतात ते पाहिल्यावर, धावणे हे केवळ तरुणांचे काम आहे असेही कोणी म्हणणार नाही. अशा या भूमीत आज प्रश्न निराळाच आहे. रोज पहाटे चालावे वा धावावे, तर ते कोठे?

तालुक्याच्या कोणत्याही गावी पहाटे पाच वाजता मुख्य रस्त्यावर उभे राहावे, म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप ध्यानी येते. कानटोपी घातलेले निवृत्त शिक्षक, मधुमेहामुळे डॉक्टरांनी चालावयास सांगितलेल्या गृहिणी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली, सारे एकाच डांबरी रस्त्याच्या कडेने जात असतात. त्यांच्या पाठीमागून वाहने येत असतात. गळीत हंगामात त्यांत ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रेलरांचे ट्रॅक्टर असतात आणि प्रत्येक ट्रेलरच्या मागे दिवा असेलच, असे नाही. आरोग्य मिळविण्यासाठी घराबाहेर पडलेल्या माणसाने जीव मुठीत धरून चालावे, ही स्थिती भूषणावह खचित नाही.

भरतीचा विषय निघालाच आहे, तर तो थोडा विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल. कारण ग्रामीण तरुणांच्या दृष्टीने धावणे हा छंद नसून उपजीविकेचा मार्ग आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. या चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण याच धावेचे असतात. तेथे काही सेकंदांच्या फरकाने निवड हुकते. मैलाच्या दगडावरून अंदाजाने अंतर धरून, चढ-उताराच्या रस्त्यावर वाहने चुकवीत सराव केलेल्या मुलाला आपली खरी वेळ कळणार कशी? ४०० मीटरांचा मोजलेला फेरा उपलब्ध असेल, तर मुलांचे चार आणि मुलींचे दोन फेरे, असा साधा हिशेब होतो. माण नदी जेथून खाली येते त्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दुष्काळी पट्ट्यात गुणांचा दुष्काळ नाही, हे त्यावरून दिसून येते.

आरोग्यासाठी संथ गतीने धावण्याची, म्हणजेच 'जॉगिंग'ची, चळवळ तशी फार जुनी नव्हे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने १९६२ च्या सुमारास ऑकलंड येथे मध्यमवयीन नागरिक उद्यानांतून एकत्र धावू लागले. अमेरिकेतील प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी ते पाहिले आणि मायदेशी जाऊन त्याचा प्रसार केला. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, इतकाच वेग ठेवावा, हा तेव्हाचा नियम आजही उपयुक्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली आहे. दिवसाला अर्धा तास, पाच दिवस, एवढाच त्याचा अर्थ.

शहरांनी ही सोय आपापल्या परीने केली आहे. मुंबईच्या शिवाजी पार्कला सव्वा किलोमीटरहून थोडा कमी असा कट्ट्यालगतचा फेरा आहे. तेथे खर्चिक असे काही नाही. सलग वाट, झाडांची सावली आणि कट्ट्यावर बसलेल्या माणसांची अखंड वर्दळ, एवढेच. वांद्र्याचे जॉगर्स पार्क १९९० मध्ये, पूर्वी कचरा पडत असलेल्या समुद्रकाठच्या जागेवर उभे राहिले. कोल्हापूरकरांना रंकाळ्याचा काठ आहे आणि सोलापूरकरांना सिद्धेश्वर तलावाचा परिसर. जलाशयाच्या काठी गारवा असतो, चौक ओलांडावे लागत नाहीत आणि फेरा आपोआप पूर्ण होतो.

नदीकाठाचे मात्र तसे नाही. मंगळवेढा शहर प्रत्यक्ष नदीतीरावर वसलेले नाही. परंतु तालुक्यातील माचणूरसारख्या भीमाकाठच्या गावांना सिद्धेश्वराच्या मंदिराचा आणि घाटाचा सुंदर परिसर लाभला आहे. तेथे फिरण्याची वाट करावी, असे कोणत्याही सरपंचास वाटेल. पण भीमेचे पाणी उजनीतून आणि नीरेवरील वीर धरणातून होणाऱ्या विसर्गावर चढते-उतरते. आपल्या गावी आभाळ निरभ्र असतानाही नदी फुगू शकते. २०२० च्या ऑक्टोबरातील पूर अनेकांच्या स्मरणात असेल. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम व भराव यांना थारा नाही. मोकळी मातीची वाट आणि झाडे तेवढी शोभतात. तेथे फरसबंदी व दिव्यांचे खांब यांवर खर्च करणे म्हणजे सार्वजनिक पैसा नदीत सोडणे होय. शिवाय विसर्गाच्या काळात वाट बंद करण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरलेले असावे.

शहरातील वाटेची अडचण वेगळी आहे. ज्या काळ्या कसदार जमिनीमुळे मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, तीच जमीन धावणाऱ्याची वैरीण ठरते. पावसात ती फुगते व पायाला चिकटते. उन्हाळ्यात तिला पाय मुरगळेल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे वरचा थर काढून मुरूम टाकणे, पाणी मारून रोलर फिरविणे, मध्यभागी किंचित उंची ठेवणे आणि दोन्ही बाजूंना चर काढणे, ही कामे टाळता येत नाहीत. चकचकीत फरशी पावसाळ्यात शेवाळून निसरडी होते. छायाचित्रात शोभणाऱ्या वस्तू पायाला मानवतातच, असे नाही. दोघे बरोबरीने चालत असता तिसऱ्याला पुढे जाता यावे, इतकी रुंदी हवी. सावलीसाठी कडुनिंब व करंज येथे उत्तम वाढतात; चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात सकाळी आठनंतर त्यांचाच आधार असतो.

जागा कोठून आणावी, असा प्रश्न सभेत हमखास येतो. शंभर मीटर बाजूच्या चौरस मैदानाची कड चारशे मीटर भरते, म्हणजे एक हेक्टर पुरे. कोपरे गोल केले की अंतर घटते, म्हणून वाट आखून झाल्यावर आतल्या कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटरांवरून फीत धरून ती पुन्हा मोजावी. हायस्कुलांची अनेक मैदाने एवढी असतात. शाळा भरण्यापूर्वी ती नागरिकांना खुली ठेवणे हा मुख्याध्यापक व नगरपालिका यांच्यातील समजुतीचा भाग आहे. विकास आराखड्यात उद्यानासाठी वा क्रीडांगणासाठी राखलेल्या जागांचाही विचार व्हावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत संपादन न झाल्यास जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. अशी नोटीस कार्यालयाच्या आवकेत येऊन पडून राहिली, तर गावाचे मैदान कागदावरूनही पुसले जाते. आपल्या गावच्या आरक्षणांना किती वर्षे झाली, हे सदस्यांनी एकदा नगररचना विभागात जाऊन पाहावे.

स्त्रियांच्या सोयीचा विचार आराखड्याच्या वेळीच व्हावयास हवा. दाट कुंपण, एकच फाटक आणि अंधारा कोपरा असलेल्या उद्यानात पहाटे कोणी एकटी जाणार नाही. रस्त्यावरून आतले दिसेल असे कमी उंचीचे कुंपण, दोन फाटके, फाटकाजवळ दिवा आणि स्वच्छतागृह, एवढे असले तर ज्या आज रस्त्याच्या कडेने चालतात त्या मैदानात येतील. फाटक उघडण्याची वेळही त्यांनाच विचारून ठरवावी. कार्यालयीन वेळेप्रमाणे सकाळी सातला उघडणारे उद्यान स्वयंपाक आटोपून कामाला निघणाऱ्या बाईच्या उपयोगाचे नाही. तिला ते पाचला उघडे हवे असते.