स्वादुपिंडाचा कर्करोग : गाठीच्या परिसरावर उपचार

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तिच्यात कर्करोगाच्या पेशी अनेकदा थोड्याच दिसतात. बाकीचा भाग, काही रुग्णांत 80 टक्क्यांहून अधिक, तंतुमय ऊती, रक्तवाहिन्या आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींचा असतो. यालाच गाठीचा सूक्ष्मपरिसर म्हणतात.

स्वादुपिंडात एरवी शांत असणाऱ्या ताराकार पेशी कर्करोगपेशींच्या रासायनिक संकेतांनी सक्रिय होतात आणि कोलॅजेन व हायलुरॉनिक आम्ल मोठ्या प्रमाणात तयार करू लागतात. हायलुरॉनिक आम्ल पाणी धरून ठेवते. त्यामुळे गाठीतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि शिरेतून दिलेले औषध आत पुरेसे पोहोचत नाही. गाठीतल्या काही पेशी प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींनाही रोखतात. म्हणूनच इतर काही कर्करोगांत गुणकारी ठरलेली इम्युनोथेरपी इथे बहुतेकांना लागू पडत नाही.

तटबंदी पाडली की औषध आत शिरेल, हा पहिला विचार होता. 2009 मध्ये उंदरांमध्ये ‘हेजहॉग’ हा संकेतमार्ग रोखल्यावर तंतुमय ऊती घटल्या, जेमसायटाबीन हे केमोथेरपीचे औषध गाठीत जास्त पोहोचले आणि उंदीर अधिक जगले. हाच मार्ग रोखणाऱ्या औषधाच्या रुग्णांवरील चाचणीत मात्र उलटेच घडले. ती 2012 मध्ये थांबवावी लागली. 2014 मध्ये उंदरांवरील दोन अभ्यासांनी कारण सुचवले : या ऊती औषध अडवतात, तशा कर्करोगालाही काही अंशी आवरून धरतात. हायलुरॉनिक आम्लाचे विघटन करणारे औषधही 2019 मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आयुर्मान वाढवू शकले नाही.

गाठीतल्या तंतुपेशी एकाच प्रकारच्या नसतात, हे 2017 मध्ये दिसून आले. काही तंतू विणतात, तर काही दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात. त्यामुळे परिसर नष्ट करण्याऐवजी त्याचे वर्तन बदलण्याकडे संशोधन वळले. ‘ड’ जीवनसत्त्वासारखे कॅल्सिपोट्रिऑल हे औषध उंदरांमध्ये ताराकार पेशींना शांत करते. रक्तदाबावरचे लोसार्टन केमोथेरपी व किरणोपचारांसोबत दिलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 49 पैकी 30 रुग्णांची गाठ कडेला कर्करोगाचा अंश न राहता काढता आली. या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हा निष्कर्ष अंतिम नव्हे.

सूक्ष्मपरिसरावरचे उपचार अजून प्रायोगिकच आहेत. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांवरच आजही मुख्य भिस्त आहे. लोसार्टन किंवा ‘ड’ जीवनसत्त्व रुग्णांनी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.