शाळा संपली, आता गतिमंद मुलांनी जायचं कुठं?

दिव्यांग हक्क कायदा 2016 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पुढं काय? पोरगं घरातच बसतं आणि त्याच्यापायी आईची मजुरीही बुडते.

यावर गावातच उपाय होऊ शकतो. समाजमंदिराची किंवा वाचनालयाची एक खोली आठवड्यातून दोन-तीन दिवस या मुलांसाठी उघडायची. कागदी पिशव्या करणं, शेंगा फोडणं, आठवडे बाजारात सुटे पैसे मोजून देणं, असली कामं तिथं शिकवायची. मात्र खोली फक्त त्यांचीच नको. बचत गटाच्या बायका, भजनी मंडळ, कॉलेजची पोरं तिथंच बसली तर ओळख वाढते, नाहीतर तो नुसता कोंडवाडा. ‘येडा’ म्हणून हाक मारणारे मग नावानं बोलवायला लागतात.

पैसा कुठून आणायचा? ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. बऱ्याच गावांत तो थोडा थोडा वाटून संपतो, पण सामूहिक सोयीलाही तो वापरता येतो. येत्या ग्रामसभेआधी तीन-चार घरांनी मिळून लेखी अर्ज द्या, सोबत यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.