थंडी कमी, धूर जास्त

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात व्हरमाँटमध्ये बर्फ पडायला हवं. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेला लागून असलेलं हे डोंगराळ राज्य. हिवाळ्यात रात्रीचा पारा उणे 10 अंशांच्या खाली उतरणं तिथे नेहमीचंच. पण 18 डिसेंबर 2023 रोजी तिथे धो-धो पाऊस कोसळला, डोंगरांवरचं बर्फ त्या पावसात वितळलं आणि नद्यांना पूर आले. जुलैमधल्या महापुराचा गाळ उपसून जेमतेम सावरलेल्या गावांना ऐन हिवाळ्यात पुन्हा पाण्याची धास्ती बसली. पुढचे दोन महिनेही ऊबच राहिली. डिसेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वांत उबदार ठरला आणि आठ राज्यांनी आपापले विक्रम मोडले. त्यात व्हरमाँटही होतं.

या राज्यात आजही असंख्य घरं लाकडाच्या शेगडीवर ऊब घेतात. बिडाची किंवा पोलादाची बंदिस्त पेटी, समोर काचेचं दार, हवा आत घेणारी झडप आणि छताबाहेर गेलेलं धुराडं. उन्हाळाभर फोडून, रचून, वाळवून ठेवलेलं मेपल, बर्च, बीच आणि ॲशचं लाकूड त्यात जळतं. थंडी कमी पडली म्हणजे लाकूड कमी लागणार, धूर कमी होणार आणि शेगडीवाल्यांचं फावणार, असं आपल्याला वाटेल. लाकूड वाचतं हे खरं. पण धुराचं गणित उलटं आहे. नीट पेटवली नाही, तर शेगडी उणे 20 अंशांत जेवढा त्रास देत नाही तेवढा ती 8-10 अंशांत देते. असे हिवाळे आता वारंवार येऊ लागल्यामुळे हे समजून घेणं गरजेचं झालं आहे.

आधी लाकूड कसं जळतं ते पाहू. काचेच्या दारासमोर बसून नीट बघितलं तर ज्वाळा लाकडाला चिकटलेली नसते, ती त्याच्या थोडी वर नाचत असते. कारण तिथे जळतो तो लाकडातून निघालेला वायू. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग लाकूड आतून फुटत जातं आणि त्याच्या वजनाचा सुमारे 80 टक्के भाग वायू आणि डांबरी वाफांच्या रूपाने बाहेर पडतो. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता या वायूंमध्ये असते. उरतो तो कोळसा, म्हणजे निखारे. ते शांतपणे, जवळजवळ धुराविना जळतात. वायू मात्र पूर्ण जळायला सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर हवा लागते. यातलं काहीही कमी पडलं, की ते न जळताच वर जातात. त्यालाच आपण धूर म्हणतो. धुराड्यातून बाहेर पडणारा धूर म्हणजे वाया गेलेलं सरपण.

आता उबदार दिवस घ्या. घराला किती उष्णता लागते ते आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत 20 अंश ठेवायचे आहेत आणि बाहेर उणे 15 आहे, तर फरक 35 अंशांचा. बाहेर 10 अंश असतील, तर फरक फक्त 10 अंशांचा, म्हणजे गरज एक तृतीयांशाहूनही कमी. त्यात खिडकीतून येणारं ऊन, चुलीवरचा स्वयंपाक आणि घरातली माणसं यांची ऊब धरली तर ती आणखी घटते. शेगडी मात्र घेतलेली असते ती वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीचा हिशेब करून. शंभर पानांच्या पंगतीसाठी आणलेल्या पातेल्यात दोघांचा भात शिजवायचा, अशी ही अडचण आहे.

मग माणूस काय करतो? शेगडी नेहमीसारखी भरतो, पेटवतो आणि तासाभरात खोली भट्टीसारखी तापली की हवेची झडप दाबून टाकतो. ज्वाळा विझतात, ओंडके लालसर धुमसत राहतात, खोली हवी तशी कोमट होते. बघणाऱ्याला वाटतं, आता जळण पुरवून पुरवून वापरलं जातंय. प्रत्यक्षात लाकूड तापतंच आहे, वायू सोडतंच आहे, फक्त ते वायू जाळायला ना पुरेशी आच आहे ना हवा. काचेचं दार आधी तपकिरी आणि मग काळंकुट्ट होतं. काच काळी पडणं ही पहिली खूण. जे काचेवर बसतं तेच वर धुराड्यातही बसत असतं.

धुराड्यातला हा थर नीट समजून घ्यायला हवा. न जळलेल्या वाफा वर चढताना धुराड्याच्या भिंती साधारण 120 अंशांपेक्षा थंड असतील, तर त्या भिंतींवर घट्ट होतात. आधी काजळी, मग चिकट राळ आणि शेवटी काचेसारखा चकाकणारा कडक काळा थर. त्याला क्रिओसोट म्हणतात आणि तो उत्तम पेट घेतो. एखाद्या दिवशी शेगडी सणसणीत पेटते, ठिणगी वर जाते आणि धुराड्यालाच आग लागते. त्या वेळी आगगाडी धडधडत जावी तसा आवाज येतो, तापमान हजार अंशांपार जातं, विटांच्या जुन्या धुराड्याला तडे जातात आणि आग छताच्या लाकडात शिरू शकते. उबदार आठवडे संपून एकाएकी कडाक्याची थंडी पडली आणि शेगडी जोरात पेटवली, की साठलेला सगळा थर घराला एकदम धोक्यात आणतो.

दुसरी अडचण धुराड्याच्या ओढीची. धूर वर का जातो? आतली हवा गरम आणि हलकी, बाहेरची थंड आणि जड, म्हणून. वजनातला हा फरक हीच ओढ. बाहेर उणे 15 आणि धुराड्यात 150 अंश असतील तर ओढ जोरदार असते. बाहेर 10 अंश आणि दाबलेल्या आगीमुळे धुराड्यात जेमतेम 90 अंश असतील, तर ती ओढ जवळजवळ निम्मी होते. हवेच्या घनतेचा साधा हिशेब केला तरी हे दिसतं. आणि धुराडं अजून तापलेलंच नसेल, घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल आणि शेगडी तळघरात असेल, तर हवा उलटी खाली येते. काडी लावली की धूर खोलीत. त्यावर जुना उपाय असा की धुराड्याच्या तोंडाशी आधी वर्तमानपत्राची एखादी सुरळी जाळायची, आतली हवा थोडी गरम करायची, खालच्या मजल्यावरची खिडकी किलकिली करायची आणि मगच शेगडी पेटवायची.

या ओढीचा प्रश्न बेंजामिन फ्रँकलिनलाही सोडवता आला नव्हता. 1740च्या दशकात फिलाडेल्फियाच्या आसपासची जंगलं तोडली गेली होती, सरपण लांबून आणावं लागत होतं, महागलं होतं. फ्रँकलिनने लोखंडी पत्र्यांची एक शेगडी तयार केली. धूर सरळ वर न सोडता तो आतल्या आडोशाभोवती फिरवून खालून बाहेर काढायचा, म्हणजे त्यातली उष्णता घरातच राहील, अशी तिची रचना होती. कल्पना चांगली होती, पण खाली वळवलेला धूर पुढे चढायला धुराडं सतत गरम लागे. आग जरा मंदावली, की धूर खोलीत. पुढे डेव्हिड रिटनहाउसने धुराला नीट वर जाणारी वाट काढून दिली, तेव्हा ती शेगडी खऱ्या अर्थाने वापरात आली. मंद आगीत ओढ मोडते, ही गोष्ट अडीच शतकांपूर्वीच सिद्ध झाली होती.

ती पुन्हा विसरली गेली 1970च्या दशकात. ऑक्टोबर 1973च्या तेलबंदीने घर तापवायचं तेल महागलं आणि न्यू इंग्लंडमधली कुटुंबं लाकडाकडे वळली. 1975 साली व्हरमाँटमधल्या रँडॉल्फ गावात बिडाच्या शेगड्यांचा एक मोठा कारखाना उभा राहिला. या नव्या शेगड्या हवाबंद होत्या. रात्री भरा, झडप बंद करा, सकाळीही निखारे जिवंत, हेच त्यांचं आकर्षण होतं. मात्र रात्रभर धुमसणाऱ्या लाखो शेगड्यांनी दऱ्याखोऱ्यांतली हवा धुराने भरून टाकली आणि धुराड्यांच्या आगीही वाढल्या. अखेर 1988 साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) नव्या शेगड्यांवर धुराची मर्यादा घातली. जुनी शेगडी तासाला 15 ते 30 ग्रॅम सूक्ष्म कण हवेत सोडत असे. 2020 पासून नव्या शेगडीसाठी ही मर्यादा 2 ग्रॅमवर आली आहे, खरी लाकडं वापरून चाचणी केली तर अडीच ग्रॅम. आधुनिक शेगड्यांत वरच्या बाजूच्या छिद्रांतून गरम हवा सोडून वायू दुसऱ्यांदा जाळतात. काहींमध्ये पॅलेडियमचा मुलामा दिलेली जाळी असते. ती तापली की वायू एरवीपेक्षा खूपच कमी तापमानाला जळतात, त्यामुळे मंद आगीवरही त्या पुष्कळ स्वच्छ राहतात. पण जाळी आधी तापवावीच लागते आणि ओल्या लाकडापुढे कुठलंही तंत्र चालत नाही.

म्हणजे उबदार दिवसांतला शहाणपणा एकच: आग लहान ठेवा, पण मंद ठेवू नका. अनुभवी घरांत ती अशी पेटवतात. तळाशी मनगटाएवढी दोन-तीन वाळलेली लाकडं, त्यावर आडव्या-उभ्या काटक्या, सगळ्यांत वर पातळ ढलप्या, आणि काडी वरून लावायची. आग वरून खाली येते. खालचं लाकूड तापून वायू सोडू लागतं तेव्हा वर ज्वाळा तयारच असते, त्यामुळे वायू तिथल्या तिथे जळून जातो. झडप पूर्ण उघडी. पाऊण-एक तासात लाकडं जळून निखारे होतात, बिडाची पेटी तापते आणि पुढे कित्येक तास ऊब देत राहते. मग पुन्हा लाकूड घालायचं नाही. विझू द्यायची. संध्याकाळी गरज पडली तर पुन्हा तशीच लहान आग. मेपलच्या जाड ओंडक्यांपेक्षा पाइन किंवा पॉपलरसारखी हलकी, पटकन जळणारी लाकडं अशा दिवशी जास्त उपयोगी पडतात. पाइनने धुराडं खराब होतं असा समज आहे. धुराडं खराब करतं ते ओलं लाकूड आणि दाबलेली आग.

याच तत्त्वावर फिनलंड, रशिया आणि जर्मनभाषक प्रदेशांत शेकडो वर्षं विटा-दगडांच्या प्रचंड भट्ट्या बांधल्या जातात. दिवसातून एकदा तास-दोन तास कडक आग पेटवायची, आणि तापलेले टनभर दगड पुढे रात्रभर हळूहळू ऊब सोडत राहतात. आग आणि ऊब यांची वेळ वेगळी करण्याची ही युक्ती मला सर्वांत शहाणी वाटते. खर्च मोठा आणि जागाही मोठी लागते, म्हणून ती प्रत्येक घराला जमत नाही.

ओल्या लाकडाचा प्रश्न उबदार हिवाळ्यात आणखी बिकट होतो. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजनही पाण्याचं असू शकतं, आणि जाळण्याजोग्या लाकडात ते 20 टक्क्यांच्या आत हवं. व्हरमाँटमधले लाकूडतोडे जंगलातून लाकूड ओढून काढतात ते जमीन गोठलेली असताना. जमीन गोठलीच नाही तर यंत्रं चिखलात रुततात, रस्ते खचतात, मातीची नासाडी होते, म्हणून काम थांबतं. लाकूड उशिरा निघतं, उशिरा वाळतं आणि घाईत विकलं जातं. त्यातच ॲशची झाडं संकटात आहेत. एमराल्ड ॲश बोरर हा पन्नासारखा हिरवा भुंगा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि 2018 मध्ये व्हरमाँटला पोचला. त्याच्या अळ्या सालीखाली हिवाळा काढतात आणि त्यांना मारायला उणे 30 अंशांच्या आसपासची थंडी लागते. अशी थंडी दुर्मीळ होत चालली आहे. ॲश हे शेगडीवाल्यांचं लाडकं लाकूड, कारण ओलं असतानाही त्यात पाणी इतरांपेक्षा कमी असतं. सरपण लांबवरून आणू नका, असं तिथलं सरकार परोपरीने सांगतं ते या भुंग्यामुळे.

धुराचा खरा फटका श्वासाला बसतो. लाकडाच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. दरीत थंड हवा तळाशी आणि उबदार हवा वर अशी स्थिती झाली की धूर वर न जाता घरांवरच साचून राहतो. मोंटाना राज्यातल्या लिबी या दरीतल्या छोट्या गावाचा अनुभव बोलका आहे. 2005 ते 2007 या काळात तिथल्या हजाराहून अधिक जुन्या शेगड्या बदलल्या गेल्या आणि हिवाळ्यातलं सूक्ष्म कणांचं प्रमाण चतुर्थांशाहून अधिक घटलं.

आपल्याकडे घर तापवायला शेगडी लागत नाही, पण धुराचं शास्त्र तेच आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पुणे-नाशिककडे शेकोटीचा धूर जमिनीलगत पांढऱ्या थराने तरंगताना दिसतो, तो याच स्थितीमुळे. ओला पालापाचोळा, प्लॅस्टिक आणि टायर टाकून धुमसणारी शेकोटी ही दाबलेल्या शेगडीचीच बहीण. चुलीतला धूर कमी करण्याचं काम महाराष्ट्रात नेटाने झालेलं आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने सुधारित चुलींवर काम केलं आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्राला 2002 चा ॲश्डेन पुरस्कार मिळवला. पूर्ण ज्वलन, भरपूर हवा आणि कोरडं जळण हाच त्यामागचाही विचार.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली आपली मुलंबाळं जुनी घरं घेतात तेव्हा त्यात अनेकदा लाकडाची शेगडी आयती मिळते. त्यांना एवढं जरूर कळवा. पहिली काडी ओढण्याआधी धुराडं साफ करणाऱ्या माणसाला बोलावून ते तपासून घ्या आणि पुढे दर वर्षी घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र झोपण्याच्या खोलीजवळ लावा, कारण हा वायू रंगहीन, गंधहीन असतो आणि ओढ मंद असताना विझत आलेल्या निखाऱ्यांतून तो खोलीत येऊ शकतो. निखारे असेपर्यंत झडप पूर्ण बंद करू नका. शेगडी पेटवून अर्धा तास झाला की एकदा अंगणात जाऊन धुराड्याकडे बघा. धूर जवळजवळ दिसता कामा नये. दिसत असेल तर झडप उघडा, लाकूड कोरडं आहे का ते पाहा आणि पुढच्या वेळी कमी लाकूड घाला. आणि बाहेर 12-13 अंश असतील, तर त्या दिवशी शेगडी पेटवूच नका, स्वेटर घाला.