काढा, इम्युनिटी आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर

मावशीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला आणि फॅमिली ग्रुपवर काढ्यांचे फॉरवर्ड सुरू झाले. सगळ्यांचा सूर एकच: इम्युनिटी कमी पडली, ती वाढवा. मला पटेना, म्हणून वाचत बसलो. भानगड वेगळीच आहे.

हा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही या व्हायरसमुळे होतो. तो शारीरिक संबंधांतून पसरतो आणि इतका कॉमन आहे की बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो. त्यामुळे ‘तिलाच कसा झाला?’ ही कुजबुज बंद करा. दहापैकी साधारण नऊ जणींची इम्युन सिस्टीम त्याला दोनेक वर्षांत साफ करते, तेही काढ्याशिवाय. बाकीच्यांमध्ये तो लपून राहतो. रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूजही आणत नाही. एकही नोटिफिकेशन न देणारं अ‍ॅपच म्हणा ना! अलार्म वाजलाच नाही तर वॉचमन उठणार कसा? आत बसून त्याची ई६ आणि ई७ ही प्रोटीन्स पेशीची वाढ रोखणारे ब्रेक निकामी करतात. तरी कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात. एचआयव्हीमुळे इम्युनिटी खरंच खालावलेली असेल तर हाच काळ ५-१० वर्षांवर येऊ शकतो.

गाठ झाल्यावर दुसरी चलाखी. कॅन्सरच्या पेशी अंगावर पीडी-एल१ हे प्रोटीन आणतात आणि हल्ला करायला आलेल्या टी-पेशी ते बघून थांबतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारखं औषध हा सिग्नल अडवतं. काही पेशंटनाच ते देतात, आणि मोकळी सुटलेली इम्युन सिस्टीम कधी कधी स्वतःच्याच आतड्यांवर, फुप्फुसांवर उलटते. म्हणजे ‘जितकी जास्त तितकी बरी’ असं काही नसतं.

केमोत मात्र पांढऱ्या पेशी खरंच घटतात, बहुतेकदा डोसनंतर ७ ते १४ दिवसांत. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री दोनला असला तरी हॉस्पिटलला फोन करा. मावशीच्या फोनमध्ये तो नंबर मी होम स्क्रीनवरच ठेवलाय. काढा द्यायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, काही वनस्पती औषधांच्या कामात अडथळा आणतात.

एचपीव्हीची लस मावशीचा कॅन्सर बरा करणार नाही, पण तिची लेक बारा वर्षांची आहे. ९ ते १४ हे लसीचं सगळ्यात चांगलं वय. पुण्याच्या सीरमची सर्वावॅकही मिळते. तिशीपुढच्या ताई-आईंसाठी एचपीव्ही टेस्ट आहे. त्याची चौकशी ग्रुपवर नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे करा.