नोट नाशिकची, पत ज्याची त्याची

नेपाळच्या पहिल्या कागदी नोटा १९४५ साली नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या. पाकिस्तान जन्मला तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं चलन नव्हतं. १९४८ साली नाशिकलाच छापलेल्या भारतीय नोटांवर इंग्रजी आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचं नाव उमटवून वेळ निभावली गेली. बांगलादेशाच्या टाक्याच्या पहिल्या नोटाही १९७२ मध्ये इथूनच गेल्या. तीन शेजाऱ्यांना नोट नाशिकने पुरवली. पत मात्र ज्याची त्याला कमवावी लागली. दक्षिण आशियातल्या बँकांची गोष्ट ही पत कमावण्याची गोष्ट आहे.

एकाच पेढीचे वारस

सुरुवात सगळ्यांची सारखी. गावात सावकार, पेठेत हुंडी वटवणारा सराफ, सिलोन आणि ब्रह्मदेशात व्याजबट्टा करणारे तमिळ चेट्टियार. वर इंग्रजांच्या बँका होत्या, पण त्यांचं लक्ष चहा, ताग आणि कापसाच्या व्यापारावर. एतद्देशीयांना त्या दारात उभं करत नसत, म्हणून स्वदेशी बँका उभ्या राहिल्या : मुंबईत १९०६ साली बँक ऑफ इंडिया, १९११ साली सोराबजी पोचखानवालांची सेंट्रल बँक, १९३५ साली पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्र. हेच पोचखानवाला १९३४ मध्ये सिलोनच्या बँकिंग आयोगाचे अध्यक्ष होते आणि त्या आयोगाच्या शिफारशीतून १९३९ साली बँक ऑफ सिलोन निघाली. पाकिस्तानातली बडी हबीब बँकही मूळची मुंबईची. १९४१ साली इथे सुरू झाली आणि फाळणीनंतर कराचीला गेली.

फाळणीनंतरही ३० जून १९४८ पर्यंत दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच होती : रिझर्व्ह बँक. तिचे गव्हर्नर होते महाडजवळ जन्मलेले चिंतामणराव देशमुख. १ जुलैला कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचं उद्घाटन झालं आणि घर खऱ्या अर्थाने वेगळं झालं.

सरकारची किल्ली

घरं वेगळी झाली, पण सगळे चालले एकाच वाटेने. श्रीलंकेने १९६१ साली बँक ऑफ सिलोन ताब्यात घेतली. भारतात १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० मध्ये आणखी ६ बँकांचं. बांगलादेशाने १९७२ मध्ये बँका सरकारी करून त्यांना सोनाली, जनता, अग्रणी, रूपाली अशी गोड बंगाली नावं दिली. पाकिस्तानात भुत्तोंनी १ जानेवारी १९७४ रोजी तेच केलं.

याचं श्रेय नाकारता येणार नाही. १९६९ साली भारतात बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या ६० हजारांवर गेल्या. तालुक्याच्या गावी शेतकऱ्याला पीककर्ज मिळू लागलं, शिक्षकाच्या मुलाला बँकेत नोकरी लागली. पण किल्ली सरकारच्या हाती गेली, तशी शिफारशीची चिठ्ठीही बँकेत शिरली. कर्ज कुणाला द्यायचं हे कागदापेक्षा ओळखीवर ठरू लागलं आणि कर्जमाफीच्या आशेने फेडणाराही हात आखडू लागला.

पाच बायकांचा जामीन

या सगळ्यात एक प्रयोग निराळा झाला. चितगावजवळच्या जोब्रा गावात १९७६ च्या सुमारास मुहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी गरिबांना तारणाशिवाय छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली. तारणाच्या जागी पाच जणींचा गट होता. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांच्या कर्जाला खीळ बसे, म्हणून त्या एकमेकींवर लक्ष ठेवत. १९८३ मध्ये यातूनच ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली युनूस आणि बँक दोघांना शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडे नाबार्डने १९९२ पासून बचतगट बँकांना जोडले, ते याच जातकुळीचं काम.

बँकवाल्यांनी शिकावं असं यात एक होतं : गरीब बाई पैसे फेडते. पण तिच्यावर नफा कमवायला खाजगी कंपन्या उतरल्या, तेव्हा एकीला चार-चार कर्जं मिळाली आणि वसुलीवाले दारात बसू लागले. २०१० साली आंध्र प्रदेशाला त्यांना आवरण्यासाठी वटहुकूम काढावा लागला.

हातातली बँक

१९९१ नंतर वारं फिरलं. पाकिस्तानने मुस्लिम कमर्शियल बँकेपासून खाजगीकरण सुरू केलं, २००४ मध्ये हबीब बँकही विकली. भारताने नरसिंहम समितीच्या सल्ल्याने नव्या खाजगी बँकांना परवाने दिले, सरकारी बँका मात्र राखल्या. नेपाळने २०१५ मध्ये भांडवलाची अट चौपट केली आणि बँकांना एकमेकींत विलीन व्हायला भाग पाडलं.

मग मोबाइल आला. पाकिस्तानात २००९ मध्ये ईझीपैसा, बांगलादेशात २०११ मध्ये बिकाश. ढाक्यातल्या कपड्यांच्या कारखान्यातली मुलगी शाखेची पायरी न चढता गावी आईला पैसे पाठवू लागली. भारतात २०१४ ला जनधन खाती आली, २०१६ ला यूपीआय. आता भाजीवालीच्या गाडीवर चौकोनी कोड लटकतो.

यंत्र वेगवान झालं तसे चोरही. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून जवळपास १ अब्ज डॉलर काढायचा घाट घातला. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी वाचले, कारण ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं होतं!

बुडवणारे कोण?

तरी चोरांनी नेलं त्यापेक्षा कर्जदारांनी बुडवलं ते कितीतरी अधिक. भारतात मार्च २०१८ मध्ये थकीत कर्जांचं प्रमाण ११ टक्क्यांच्या वर गेलं होतं. खरी थकबाकी उघड करायला लावणारी तपासणी, दिवाळखोरी कायदा आणि निर्लेखन यांच्या जोरावर मार्च २०२४ पर्यंत ते २.८ टक्क्यांवर आलं. बांगलादेशात सत्तापालटानंतर झाकण उघडलं, तर २०२४ अखेर ते २० टक्क्यांच्या पुढे निघालं. पाकिस्तानातल्या बँकांचा निम्म्याहून अधिक पैसा सरकारी रोख्यांत अडकलेला आहे. सरकारच एवढा मोठा ऋणको असेल तर कारखानदाराची पाळी कधी यायची? श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. पुढच्या वर्षी देशांतर्गत कर्जाची फेररचना करताना बँका सलग पाच दिवस बंद ठेवल्या. बँकांना झळ लागू दिली नाही. भार पडला नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीवर.

सगळीकडे मासला एकच. हप्ता चुकवणाऱ्या बाईचं नाव गावभर होतं आणि कोट्यवधी बुडवणाऱ्याचं नाव गोपनीय राहतं. शाखा, खाती आणि कोड यांत या देशांनी मोठी मजल मारली, पण नको त्याला नाही म्हणणारा आणि खरा ताळेबंद वेळेवर दाखवणारा बँकर फार थोड्या ठिकाणी घडवला.

१९६० साली केरळची पालई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कुठे १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. २०१९ मध्ये मुंबईत पीएमसी बँकेच्या दारात रांगा लागल्या, तेव्हा कुठे त्या विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली. दर सुधारणेची किंमत आधी ठेवीदाराने मोजली आहे. आपल्यापैकी कितीतरी जण नागरी सहकारी बँकांचे सभासद आहेत. दरवर्षी वार्षिक अहवाल घरी येतो आणि न उघडता रद्दीत जातो. यंदा तो उघडा, थकीत कर्जांचा आकडा शोधा आणि वार्षिक सभेत उभं राहून विचारा, हे पैसे कुणाकडे आहेत?