रस्ता मोटारीचा की माणसांचा?

पुण्याचा लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग आणि मंडई हा कष्टकरी कुटुंबांचाही बाजार आहे. लग्नाचा बस्ता, मुलांचे कपडे, भांडीकुंडी घ्यायला आपल्या माता-भगिनी वस्त्यांतून इथे येतात. बसमधून उतरल्यावर मात्र त्यांना धड चालता येत नाही. फुटपाथला खेटून दुचाकींची रांग, पुढे मोटारी, आणि उरलेल्या पट्टीतून बस वाट काढते.

कोंडी झाली की ओरड होते, 'फेरीवाले हटवा!' लगेच अतिक्रमणवाल्यांची गाडी येते आणि टोपल्या उचलून नेते. आम्ही विचारतो, जागा खरी कोण अडवतो? एक उभी मोटार साधारण १२ चौरस मीटर रस्ता व्यापते. तेवढ्या जागेत चार-पाच फेरीवाल्यांच्या घरची चूल पेटते. टोपली ठेवली तर अतिक्रमण आणि मोटार ठेवली तर सोय, हा कोठला न्याय?

कोंडीचे मूळ फुकटच्या जागेत आहे. फुकट मिळाली म्हणून सकाळी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत हलत नाही. मग बाकीचे जागा शोधत त्याच रस्त्यांवर घिरट्या घालतात. अमेरिकेतील पासाडेना शहराने १९९३ साली आपल्या जुन्या बाजारपेठेत तासाप्रमाणे पार्किंगचे पैसे घेणे सुरू केले आणि ते उत्पन्न त्याच पेठेतील फुटपाथ, दिवे व साफसफाईवर खर्च केले. गाड्या वेळेवर हलू लागल्या आणि बाजाराला बरकत आली.

पुणे महापालिकेनेही मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. पण ते वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवला, तेव्हा लोक मोकळेपणी चालले. सप्टेंबर २०२४ पासून मंडईत मेट्रोही थांबते. म्हणजे मोटार न आणता बाजार करता येतो.

फेरीवाल्यांच्या बाजूने तर कायदाच उभा आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिल्याखेरीज कोणालाही हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींनाही प्रतिनिधित्व हवे. ही जागा आपण मागितली नाही, तर ती आपल्याला कोण आणून देणार?

ज्या मंडईला महात्मा फुल्यांचे नाव आहे, त्या जोतीरावांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये उधळण्यास विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. सार्वजनिक पैशाला जो प्रश्न त्यांनी विचारला, तोच आपण सार्वजनिक रस्त्याला विचारायला हवा. हा कोणासाठी?

तेव्हा बंधू-भगिनींनो, नुसती कुरकुर नको. दहा-पंधरा जणांच्या सह्यांचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. त्यात तीन मागण्या लिहा : मोकळा फुटपाथ, मोटारींना तासाप्रमाणे पार्किंग शुल्क आणि फेरीवाल्यांना आखून दिलेली जागा. उत्तर आले नाही, तर दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.