पितळेचं पातेलं मोडीत घालण्यापूर्वी

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली येतात आणि ‘देऊन टाकू मोडीत’ असं घरात ठरतं. जरा थांबा, मैत्रिणींनो!

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. आमच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. काडतुसाच्या पुंगळ्यांना पितळच लागतं, कारण ते ओढलं, ठोकलं तरी सहसा फाटत नाही. आजीचं पातेलं इतकी वर्षं टिकलं, त्यातही हाच गुण.

अडचण एकच, आंबटाची. ताक, चिंचेची आमटी उघड्या पितळेत कळकते आणि पोटात गेली तर मळमळ, उलट्या होतात. म्हणून आतून कल्हई हवीच. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. पृथ्वीच्या कवचात दहा लाख भागांत तांबं पन्नासएक भाग, तर कथील जेमतेम दोन! कल्हई महाग वाटते, पण मालही तसाच दुर्मिळ आहे. मात्र कथलात शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारून घ्या. शिसं विषारी असतं.

कथील २३२ अंशांवर वितळतं. तेव्हा रिकामं भांडं गॅसवर तापवू नका आणि तारेच्या घासणीने घासू नका.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत आजही ठोक्यांचा आवाज येतो. भांडं आधी तिथे दाखवा. मोडीत घालायचंच झालं, तर तांबं आणि पितळ वेगवेगळं तोलून घ्या. तांब्याला भाव जास्त मिळतो.